सोसण्यापलीकडची नायिका

शशी देशपांडे यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स' या कादंबरीत एक प्रसंग आहे. रात्र झालेली, पोरं जेवून निजलेली. त्यांचं उरलेलं नवऱ्याला चालत नाही, म्हणून घरच्या बाईने त्याच्यासाठी वेगळा ताजा भात केलेला. तो उशिरा येतो, पानावर बसतो, ताजी चटणी नाही म्हणून ताट भिरकावतो आणि बाहेर पडतो. बाई चकार शब्द काढत नाही. सांडलेलं भरते, जमीन पुसते, एका पोराला शेजारून मिरच्या मागून आणायला पाठवते, चटणी वाटते, पुन्हा भात चढवते आणि चुलीतल्या जाळापुढे वाट बघत बसते. पुढे कित्येक वर्षांनी तिचा मुलगा मोहन ही हकिगत आपल्या बायकोला, जयाला, अभिमानाने सांगतो. त्या काळच्या बायका कशा कणखर होत्या, हे त्याला तिच्या मनावर ठसवायचं असतं. जयाला मात्र त्या बसलेल्या बाईत बळ दिसत नाही. तिला दिसते हताशा.

कथा-कादंबरीत कणखर नायिका उभी करायची कशी, हा प्रश्न हल्ली लेखन-कार्यशाळांतून, साहित्य संमेलनांच्या परिसंवादांतून आणि मालिकांच्या बैठकींतून सतत विचारला जातो. त्याची बहुतेक उत्तरं मोहनच्या बाजूची असतात. जी जास्त सोसते ती मोठी, किंवा आता काळ बदलला म्हणून, जी जास्त हाणते ती मोठी. दोन्हीकडे माप एकच आहे: ताकद किती, याचं. माझ्या मते या प्रसंगातली कणखर व्यक्ती चुलीपुढची सासू नाही. ती जया आहे. आणि जयाचं आयुष्य तर तडजोडींनी भरलेलं, कचखाऊ म्हणावं असं. तरीही नवऱ्याने हातात ठेवलेला अर्थ नाकारून ती त्या प्रसंगाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघते. नायिकेचं बळ तिच्या अंगात किती आहे यापेक्षा गोष्टीतला न्याय कुणाच्या नजरेने होतो, हे महत्त्वाचं आहे.

हा आढावा मी बंगळुरूभोवती घेतो आहे, त्याला कारण आहे. शशी देशपांडे १९३८ साली धारवाडात जन्मल्या. वडील कन्नड नाटककार आद्य रंगाचार्य, आई पुण्याकडची मराठी. शिक्षण इंग्रजीतून, संसार मुंबईत आणि पुढे बंगळुरूत. त्यांच्या नायिकांची माहेरं आणि सासरं मराठी-कन्नड सीमेवर इकडेतिकडे पसरलेली असतात. शिवाय कन्नड कादंबरीने बाईच्या बाबतीत जे केलं, ते मराठी वाचकाला परकं वाटत नाही. उंबरे, सोवळं, वाडे, विहिरी, सगळं ओळखीचं असतं. आपण बंगाली नायिकांबद्दल भरपूर लिहिलं, शेजारच्या अंगणाकडे त्यामानाने कमी पाहिलं.

सुरुवात बरीच मागे जाते. शहाजीराजांची बंगळुरूची जहागीर व्यंकोजीराजांकडे आली आणि तिथून ते १६७५ च्या सुमारास तंजावरला जाऊन गादीवर बसले. त्याच भोसले घराण्यातल्या प्रतापसिंहांच्या दरबारात, अठराव्या शतकात, मुद्दुपळनी नावाची एक विदुषी गणिका होती. तिने तेलुगूत 'राधिका सांत्वनम्' लिहिलं. कृष्णकथेत राधा नवी नाही, पण इथे कथेची सूत्रं राधेकडे आहेत. आपण वाढवलेल्या इलेला ती स्वतः कृष्णाच्या हाती देते, नववधूला शिकवून पाठवते आणि मग मत्सराने होरपळते. अखेर कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. इच्छा तिची, चूक तिची, संताप तिचा. देवाला मनधरणी करायला लावणारी ही राधा आदर्श वगैरे अजिबात नाही, आणि म्हणूनच ती जिवंत आहे.

या काव्याची एक आवृत्ती एकोणिसाव्या शतकात निघाली होती, पण तिच्यातून काही पद्यं गाळलेली होती. मुद्दुपळनीने आपल्या आई-आजीकडून आलेली परंपरा सांगितली ती प्रस्तावनाही गेली होती. ते सगळं शोधून, जोडून १९१० साली पूर्ण आवृत्ती काढली ती बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने. समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलूंनी या कवयित्रीला निर्लज्ज ठरवलं होतं. नागरत्नम्मांनी त्यांना जाहीर विचारलं की लाज काय ती बायकांनाच असते का, पुरुष कवींनी याहून उघडं लिहिलेलं तुम्हीच नावाजलंत ना? पुढे इंग्रज सरकारने पुस्तक अश्लील म्हणून जप्त केलं आणि बंदी उठायला स्वातंत्र्याचा काळ उजाडावा लागला. सुधारक आणि सरकार एका बाजूला, दोन गणिका-कलावंत दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी होती. 'कणखर नायिका' हे आधुनिक, पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे असं जे म्हणतात, त्यांनी ही हकिगत वाचावी.

सुधारकांच्या काळात नायिका केंद्रात आली, पण बहुधा दयेचा विषय म्हणून. मराठीत याला सन्माननीय अपवाद हरिभाऊ आपट्यांचा. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?'मध्ये त्यांनी यमूला 'मी' दिला. विधवा झाल्यावर तिचं केशवपन जबरदस्तीने होतं ते आपण तिच्याच तोंडून ऐकतो, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. यमू हरते, पण तिच्यावर काय गुदरलं हे ठरवण्याचा अधिकार हरिभाऊंनी दुसऱ्या कुणाला दिला नाही.

या कादंबरीच्या शेजारी एम. के. इंदिरा यांची 'फणियम्मा' ठेवून पाहण्यासारखी आहे. कन्नडमध्ये ती १९७६ साली आली. पुढे प्रेमा कारंतांनी त्यावर चित्रपट केला. तीर्थहळ्ळीकडच्या मलनाडातली, लेखिकेच्याच घराण्यात होऊन गेलेल्या बाईची ही गोष्ट, आईकडून ऐकलेली. फणियम्मा लहानपणीच विधवा होते, न्हाण आल्यावर तिचे केस उतरवले जातात आणि मग ती घरात राबत, एकभुक्त राहून, शंभरी ओलांडते. एवढंच असतं तर ती मोहनच्या आईची थोरली बहीण ठरली असती. पण इंदिराबाईंनी तिला दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे हात. एक अस्पृश्य बाई अडते आणि सुईणीचा इलाज चालत नाही, तेव्हा फणियम्मा आपल्या बारीक हातांनी मूल सोडवते आणि सोवळ्याओवळ्याची गाठ मनातल्या मनात सोडून टाकते. दुसरी म्हणजे मत. दाक्षायिणी नावाची तरुण विधवा केस उतरवायला साफ नकार देते. अग्रहार खवळतो. त्या वेळी फणियम्मा म्हातारी, सगळ्यांना पूज्य आणि सोवळ्यात सगळ्यांत कडक. पण ती त्या पोरीच्या बाजूने उभी राहते. जे आपल्यावर लादलं गेलं ते दुसरीवर लादलं जाऊ नये, असं तिला वाटतं.

मला या कादंबरीबद्दल एक तक्रार आहे. फणियम्मा फार निर्मळ आहे. तिला राग येत नाही, हेवा वाटत नाही, देहाची आठवण होत नाही. इतकी निवळलेली बाई पुजायला सोपी जाते, तिच्याशी भांडता येत नाही. दाक्षायिणी थोडाच वेळ येते, पण पान पेटवून जाते. तिला वेगळी कादंबरी मिळायला हवी होती.

एस. एल. भैरप्पांच्या 'गृहभंग'मधली नंजम्मा (१९७०) यापेक्षा मला अधिक भक्कम वाटते. भैरप्पांच्या एकूण स्त्रीविषयक भूमिकेवर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. पण ही बाई त्यांना साधली. नवरा चेन्निगराय गावचा शानभोग, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी. खादाड, आळशी आणि हिशेबाला कच्चा. मग दफ्तर लिहायला नंजम्मा बसते. रकाने आखणं, जमाबंदीची बेरीज जुळवणं, वरच्या कचेरीला पटतील असे कागद तयार करणं, हे सगळं ती शिकते. सही नवऱ्याची, अक्षर तिचं. या कामाच्या तपशिलातून नंजम्माची जी प्रतिमा मनात उभी राहते ती दहा भाषणांतून राहिली नसती. ती बोलते कमी. पण कुठल्या कागदाला किती किंमत आहे हे तिला ठाऊक असतं, आणि सासू, दीर, गाव या सगळ्यांशी ती त्या जाणतेपणाच्या बळावर वागते. शेवटी प्लेग तिची पोरं नेतो आणि तिलाही नेतो. वाचक हळहळतो, पण तिची दया येत नाही. नवख्या लेखकाने एकच धडा घ्यायचा तर हा घ्यावा: बाईला काम द्या, आणि ते काम कसं करतात हे आधी स्वतः शिका. मराठीत कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये (२००५) हेच बळ आहे. तिथली प्रफुल्ला आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत हिंडते आणि ठराव, कोरम, अविश्वास ठराव या रुक्ष गोष्टींतून बाईच्या सत्तेचं खरं स्वरूप उलगडत जातं.

त्रिवेणी यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. म्हैसूरच्या या लेखिका मानसशास्त्र शिकल्या होत्या आणि १९६३ साली पस्तिशीतच गेल्या. त्यांच्या 'शरपंजर'मधली कावेरी बाळंतपणानंतर मनाने आजारी पडते, उपचार घेऊन बरी होऊन घरी येते आणि घरच तिला बरी मानायला तयार होत नाही. पुट्टण्णा कणगालांच्या चित्रपटाने आणि कल्पनाच्या अभिनयाने ही कथा कर्नाटकात घराघरांत पोचली. इथे नायिका मोडते. मोडणारी बाई कणखर कशी, असं कुणी विचारील. तिची समज शाबूत आहे आणि आजारी आहे तो भोवताल, हे त्रिवेणी वाचकाला पटवतात, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं.

शशी देशपांड्यांकडे परत येतो, कारण या प्रश्नावर इतकं सातत्याने काम करणारं दुसरं नाव मला दिसत नाही. 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स' (१९८०) या कादंबरीतली सरिता मुंबईत यशस्वी डॉक्टर आहे. नवरा मनोहर प्राध्यापक, तिच्यापेक्षा कमी कमावणारा. एका मुलाखतीत कुणीतरी त्याला बायकोच्या कमाईवरून खोचक प्रश्न विचारतं आणि त्या रात्रीपासून तो अंधारात तिच्यावर अत्याचार करू लागतो. सकाळी तोच माणूस शांत, प्रेमळ. दिवसा दवाखाना चालवणारी बाई रात्री गप्प का राहते? इथे दुसऱ्या एखाद्या लेखकाने तिच्या हातून नवऱ्याला थप्पड मारवली असती आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. देशपांडे तसं करत नाहीत. त्या सरिताला माहेरी पाठवतात. तिथे धाकटा भाऊ ध्रुव बुडाला तेव्हाचा अपराधीपणा आहे, 'त्याच्याऐवजी तू का नाही गेलीस' असं ऐकवणाऱ्या आईची सावली आहे. सरिताचं गप्प राहणं नवऱ्यापासून सुरू झालेलं नाही, त्याची मुळं लहानपणात आहेत, हे हळूहळू उमगतं. शेवटी मनोहर येणार असतो आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या आजारी लेकरासाठी हाक येते. सरिता वडिलांना सांगते, तो आला तर थांबायला सांगा, आणि पेशंटकडे जाते. निकाल लागलेला नाही. पण वाट बघण्याची पाळी आता त्याच्यावर आली आहे.

'दॅट लाँग सायलेन्स' १९८८ साली लंडनच्या विरागोने छापली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जयाचं लग्नानंतर सुहासिनी झालं आहे. नवऱ्यावर नोकरीत बालंट आल्यावर दादरच्या एका जुन्या, कोंदट घरात दोघं दडून राहतात आणि तिथे ती आपलं आयुष्य तपासते. कावळ्याच्या आणि चिमणीच्या घराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बाळाला तीट लावते, थांब, असं म्हणत दार न उघडणारी शहाणी चिमणी. जयाला ती गोष्ट खटकते. सुरक्षित घर आणि बंद दार एवढंच शहाणपण मुलींना शिकवलं जातं का, असं तिच्या मनात येतं. आणि ती फक्त नवऱ्याला बोल लावत नाही. आपली एक कथा त्याला लागली म्हणून आपण खरं लिहिणं सोडलं आणि गुळगुळीत सदर लिहीत राहिलो, यात आपली सोय किती होती, हेही ती मोजते. नायिकेला स्वतःविरुद्ध साक्ष देऊ देणं, याला लेखकाचं धैर्य लागतं. कारण मग वाचकाला तिची बाजू घेणं अवघड जातं.

'स्मॉल रेमेडीज' (२०००) त्याहून पुढे जाते. सावित्रीबाई इंदोरेकर ही ग्वाल्हेर घराण्याची थोर गायिका. गाण्यासाठी तिने घर सोडलं, तबलजी गुलामसाहेबांबरोबर राहिली. सनातन्यांना धाब्यावर बसवणारी बंडखोर बाई म्हणून तिची मिरवणूक काढायला सगळं तयार आहे. पण चरित्र लिहायला आलेल्या मधूला आठवतं की या बाईला एक मुलगी होती, मुन्नी, आणि बाई आपल्या आयुष्याच्या कहाणीतून तिला पुसून टाकते आहे. स्वतःचं मूल नुकतंच गमावलेल्या मधूला हे सहन होत नाही. तरी ती तिच्यावर खटला भरत नाही. कलेसाठी सगळं पणाला लावणाऱ्या पुरुषाला आपण कधीच जाब विचारत नाही, हे तिला माहीत आहे. आणि मुन्नीचं दुःख त्यामुळे कमी होत नाही, हेही. ही गुंतागुंत मला मराठी वाचक म्हणून फार मोलाची वाटते. आपल्याकडे गायिकांवर खूप लिहिलं गेलं, पण ते बहुतेक आदराने ओथंबलेलं.

मराठीत ही वाट विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास'ने उघडली होती. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं आणि टोपणनावामागे कोण आहे याच्या शोधात महाराष्ट्र पेटला. पुढे कमल देसाई (त्याही बेळगावकडच्या यमकनमर्डीच्या), सानिया, शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर', मेघना पेठ्यांची 'नातिचरामि' अशी ही रांग आहे. गौरी देशपांड्यांचं स्थान तिच्यात खास. त्यांच्या 'निरगाठी'चा इंग्रजी अनुवाद शशी देशपांड्यांनी केला, यात मला औचित्य दिसतं. पण दोघींत फरक मोठा आहे. गौरीबाईंच्या नायिकेला पासपोर्ट आहे, पैसा आहे, आणि बहुधा एक समजूतदार, थोराड पुरुष कुठेतरी वाट बघत असतो. तिचं स्वातंत्र्य झळाळतं. शशीबाईंच्या नायिकेला त्याच घरात, त्याच नवऱ्यासमोर उद्या चहा करायचा आहे. पहिलीने मराठी मुलींच्या दोन पिढ्यांना स्वप्न दिलं, हे मी मानतो. लेखनाच्या दृष्टीने अवघड काम दुसरीचं.

बंगळुरूतून निघणाऱ्या 'लंकेश पत्रिके'ने या प्रवाहात वेगळ्याच घरांचे दरवाजे उघडले. सारा अबूबकर यांची 'चंद्रगिरिय तीरदल्लि' तिथेच क्रमशः आली. तलाक दिलेल्या नवऱ्याकडे परतायचं तर आधी दुसऱ्या पुरुषाबरोबर एक रात्र काढायची, ही अट नादिराला पेलत नाही आणि ती मशिदीच्या तळ्यात जीव देते. याच पत्रात बातमीदारी केलेल्या बानू मुश्ताक यांच्या निवडक कथांना, दीपा भास्ती यांनी केलेल्या 'हार्ट लॅम्प' या अनुवादाला, २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. शीर्षककथेतली मेहरुन नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला कंटाळून माहेरी येते. भाऊ इज्जतीच्या नावाने तिला परत आणून सोडतात. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. थोरली मुलगी सलमा तान्ह्याला घेऊन धावत येते आणि तिला मिठी मारते. नादिराला वाचवणारं कुणी नव्हतं, मेहरुनला एक पोर वाचवते. बळ इथे एकटीचं नाही. ते एका बाईकडून दुसरीकडे जातं. 'एकटी लढणारी वाघीण' या साच्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

अनिता नायर यांची 'लेडीज कूपे' (२००१) बंगळुरूच्या स्टेशनातून निघते. आयकर खात्यातली पंचेचाळिशीची अखिला कन्याकुमारीचं तिकीट काढते आणि डब्यातल्या पाचजणी आपापली कहाणी सांगतात. कादंबरी खूप वाचली गेली, आणि तिची जागा तिने कमावली आहे. तरी मला वाटतं, प्रश्न आधी ठरवून त्याची उत्तरं वाटून दिल्यासारख्या काही कहाण्या आहेत. मरिकोळुंदूची कहाणी मात्र त्या चौकटीत मावत नाही. ती गरीब आहे, तिच्यावर बलात्कार झाला आहे, त्यातून झालेल्या मुलाशी ती क्रूर वागते. तिला समजून घेताना आपली दमछाक होते.

पुरुष लेखकाने काय करावं, याचं आजच्या बंगळुरूतलं सर्वांत चोख उत्तर विवेक शानभाग यांच्या 'घाचर घोचर'मध्ये आहे. निवेदक पुरुष, घरच्या मसाल्याच्या धंद्यावर ऐतखाऊ झालेला. बायको अनिता त्या घरात एकटीच खरं बोलणारी. काकाला भेटायला डबा घेऊन आलेल्या एका बाईला घरातल्या बायका दारातून हाकलतात, शिव्या घालतात, तेव्हा अनिताच बोलते. आपल्याला ती फक्त तिच्या भेकड नवऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. तो तिला कमी लेखायचा प्रयत्न करतो, आणि प्रत्येक वेळी ती आपल्या नजरेत वर चढते. शेवटी तिचं काय झालं असेल या शंकेने हात गार पडतात. शानभाग अनिताच्या मनात शिरल्याचा आव आणत नाहीत. जिथे आपली नजर पोचत नाही तिथे तसं मान्य करून, न बघणाऱ्या माणसालाच त्यांनी उघडं पाडलं आहे.

राहतात त्या ज्यांना अजून नीट कुणी लिहिलंच नाही. लावण्या शंकरन यांच्या 'द होप फॅक्टरी'त (२०१३) घरकाम करणारी कमला मालकाच्या बरोबरीने नायिका आहे. अशी उदाहरणं थोडी. २०१६ साली केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम आणला, तेव्हा एप्रिलमध्ये बंगळुरूच्या कपडे-कारखान्यांतल्या हजारो शिलाई कामगार बायका कुठल्याही मोठ्या पुढाऱ्याशिवाय मशीन सोडून होसूर रस्त्यावर उतरल्या. दोन दिवसांत सरकारने नियम मागे घेतला. त्या गर्दीतली पहिली मशीनवरून उठली कोण, सुपरवायझर समोर असताना तिने शेजारणीला काय खुणावलं, तो पैसा तिला कशासाठी हवा होता, घरी त्या रात्री काय झालं, हे लिहायचं तर तासाला किती नग काढावे लागतात, पगाराच्या चिठ्ठीत कुठे काय कापतात आणि पीएफचा अर्ज कुठे अडतो हे माहीत हवं. कन्नड, तेलुगू, तमिळ, उत्तर कर्नाटकातून आलेल्यांची मराठी मिसळलेली बोली, सगळं त्या कारखान्यांत ऐकू येतं. मराठीत लिहिणाऱ्या कुणीतरी तिथे जाऊन बसायला हरकत नाही.